बहीण जर्मनीत, व्हिसा संपत आला आणि अपॉइंटमेंट नाही: आधी काय करायचं ते सविस्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमची बहीण जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स करून दीड महिन्याआधी जर्मनीला गेली, व्हिसा संपायला सात आठवडे राहिले, परदेशी लोकांच्या ऑफिसची अपॉइंटमेंट मिळून नाही राहिली, खोलीमालक पत्त्याच्या कागदावर सही देत नाही, जन्माच्या दाखल्यावर तिचं नावच नाही, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि नर्सिंगच्या मार्कशीटवर दुसरं, आणि ज्याच्यामार्फत गेली तो एजंट म्हणतो साठ हजार द्या, सगळं करून देतो. वरून घरी बाबा रोज विचारून राहिले की पोरीला वापस पाठवतील काय.

आधी बाबांचं सांगते, कारण त्यांना झोप लागून नाही राहिली असं तुम्ही लिहिलं. अपॉइंटमेंट मिळाली नाही एवढ्यावरून तिथं कोणाला वापस पाठवत नाहीत. पण व्हिसा संपायच्या आधी एक गोष्ट झालीच पाहिजे, आणि ती अपॉइंटमेंट नाही, ती आहे अर्ज. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हेच बहुतेक मुलींना कोणी सांगत नाही, आणि माझ्या पाहण्यात जेवढ्या केसेस अडकल्या त्यातल्या अर्ध्या याच्याचमुळं अडकल्या.

मी मूळची आर्वी तालुक्यातली, वडील कास्तकार, जीएनएम करून काही वर्षं इकडं नोकरी केली आणि जर्मनीत जाऊन आता आठ वर्षं झाली. चार वर्षांपासून वॉर्डातल्या ड्यूटीसोबत आमच्या हॉस्पिटलात नवीन येणाऱ्या मुलींचे कागद पाहायचं काम माझ्याकडं आहे, त्यात केरळच्या असतात, फिलिपिन्सच्या असतात आणि आता आपल्याकडच्याही यायला लागल्या. २०२४ मधे महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यासोबत कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर आपल्या गावागावात जर्मनीचं नाव निघते. सध्या महिनाभर सुट्टीवर गावी आहे, सोयाबीन काढणं सुरू आहे, मोबाइलवरूनच लिहून राहिली, म्हणून थोडं मागंपुढं होईल.

तर अर्जाचं. जर्मनीत राहायच्या परवानगीचा जो कायदा आहे त्यात कलम ८१ आहे आणि त्याचं चौथं पोटकलम तुमच्या बहिणीच्या कामाचं आहे. त्यात असं आहे की हातातल्या व्हिसाची मुदत संपायच्या आधी पुढच्या परवानगीचा अर्ज केला असेल, तर ऑफिसचा निर्णय येईपर्यंत जुनीच परवानगी चालू आहे असं धरतात, मग त्या निर्णयाला दोन महिने लागो की सहा. व्हिसावर नोकरीची मुभा असेल तर नोकरीही चालू राहते. पण अर्ज एक दिवस जरी उशिरा गेला तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही, मग ऑफिसनं अडचण समजून घेतली तर घेतली. म्हणून तारीख कॅलेंडरवर नाही, मनात कोरून ठेवायची. आणि सात आठवडे आहेत म्हणून सहाव्या आठवड्यापर्यंत थांबायचं नाही, याच आठवड्यात अर्ज गेला पाहिजे.

होते काय, की मुलगी रोज सकाळी सहाला उठून शहराच्या वेबसाइटवर अपॉइंटमेंटचं कॅलेंडर उघडते, एकही तारीख रिकामी दिसत नाही, ती रडते, रूममेट म्हणते उद्या पाहू, आणि असे दोन महिने जातात. तिला वाटते अपॉइंटमेंट मिळाली की तिथं जाऊन अर्ज द्यायचा, कारण आपल्याकडं तसंच असते, तहसीलात गेल्याशिवाय, बाबूच्या टेबलासमोर उभं राहिल्याशिवाय काम होत नाही. तिथं उलट आहे. अर्ज कागदावर जातो, अपॉइंटमेंट मागून येते, आणि ती बहुतेक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी असते.

तिनं करायचं असं. शहराच्या आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसच्या वेबसाइटवर परवानगीच्या अर्जाचा फॉर्म असतो, काही शहरात तो ऑनलाइनच भरता येतो. ऑनलाइन असेल तर आजच भरावा आणि शेवटी जे कन्फर्मेशन येते ते सेव्ह करून तुम्हालाही पाठवावं. ऑनलाइन नसेल तर फॉर्म भरून, सही करून, त्याला पासपोर्टची पानं, व्हिसाचं पान, नोकरीचा करार, हेल्थ इन्शुरन्सचं पत्र, पत्त्याच्या नोंदणीचा कागद आणि तिच्या शिक्षणाच्या मान्यतेबाबत आलेलं पत्र जोडून एकच पीडीएफ करायची आणि ऑफिसच्या मुख्य ईमेलवर पाठवायची. तेच सगळं प्रिंट काढून आइनश्राइबेननं, म्हणजे रजिस्टर पोस्टानं पण टाकायचं आणि पावती जपून ठेवायची. ऑफिस जवळच असेल तर दाराशी त्यांची टपालपेटी असते, त्यात एक प्रत टाकताना सोबत मैत्रिणीला न्यावं म्हणजे साक्षीदार राहते. तीन ठिकाणी काहून पाठवायचं असं वाटेल, पण मी ईमेल हरवलेली पाहिली आहे आणि पोस्ट उशिरा पोचलेलीही पाहिली आहे. एखादा कागद नसला, जसा तिचा पत्त्याचा नाही, तरी अर्ज अडवून ठेवायचा नाही. अमुक कागद अजून मिळाला नाही, मिळाल्याबरोबर पाठवते, असं एका ओळीत लिहायचं. अर्धा अर्ज मुदतीत गेलेला चालते, पूर्ण अर्ज मुदतीनंतर गेलेला त्रास देते.

ईमेल कशी लिहायची हे पण सांगते, कारण आपल्याला सविनय अर्ज सादर करते की अशी सवय आहे आणि मुली दीड पानाची करुण कहाणी लिहितात, गुगलनं भाषांतर करतात आणि ती वाचायला कोणाला वेळ नसतो. विषयात तिचं नाव पासपोर्टवर आहे तसं, जन्मतारीख, आणि व्हिसा अमुक तारखेला संपतो. आधीचं काही पत्र आलं असेल तर त्याच्या वरच्या कोपऱ्यात फाइलचा नंबर असतो, त्याला आक्टेनत्साइखेन म्हणतात, तो नंबर टाकलाच पाहिजे, आपल्या आवक-जावक नंबरासारखाच आहे तो. खाली चार वाक्यं. मी अमुक कलमाखाली परवानगीचा अर्ज करते, कागद जोडले आहेत, कृपया अर्ज मिळाल्याचं लेखी कळवा, आणि निर्णयाला वेळ लागणार असेल तर फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग द्या. बस.

हा लांबलचक शब्द तिनं पाठ करावा. हा एक कागद असतो, अर्ज आला आहे आणि तोपर्यंत हिचं राहणं कायदेशीर आहे असं सांगणारा. त्यावर तीन चौकोन असतात, त्यातला कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमाचा चौकोन टिक झालेला असला पाहिजे, कारण त्यात नोकरी सुरू राहते आणि देशाबाहेर जाऊन परतही येता येते. तिसऱ्या पोटकलमावर टिक असेल तर त्या कागदावर बाहेर जाऊन परत येता येत नाही. कागद हातात पडल्याबरोबर तिथंच उभं राहून टिक कुठं आहे ते पाहायचं, घरी आल्यावर नाही. आणि खरं सांगू तर चौथ्यावर टिक असली तरी या कागदावर भारतात यायचं मी टाळायलाच सांगते, एअरलाइनच्या काउंटरवरच्या माणसाला हा कागद ओळखू येईलच असं नाही आणि मुंबईला रात्री दोन वाजता त्याला जर्मन कायदा कोण समजावणार. दिवाळीला येते म्हणत असेल तर तुम्हीच तिला समजावजा, परवानगीचं कार्ड हातात आल्यावर ये म्हणा.

आता पत्ता. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यात पत्त्याची नोंदणी करावी लागते, आनमेल्डुंग म्हणतात, ब्युर्गरआम्टमधे, म्हणजे शहराच्या नोंदणी ऑफिसात होते. त्यासाठी भाड्याचा करार पुरत नाही, २०१५ च्या नोव्हेंबरपासून घरमालकानं वेगळा एक पानाचा दाखला सही करून द्यावा लागते की ही बाई अमुक तारखेपासून इथं राहते. हा दाखला देणं त्याच्या मर्जीवर नाही, कायद्यानं त्याला बंधनकारक आहे, नाही दिला तर हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तुमची बहीण बहुतेक कोणाच्या तरी घरात पोटभाडेकरू असेल, आणि त्या माणसानं मूळ मालकाला सांगितलेलं नसेल, म्हणून तो सही टाळून राहिला असेल. हे मी नेहमी पाहते. तिनं त्याला लेखी विचारावं, मेसेजवर का होईना, आणि तरी नाही दिला तर नोंदणी ऑफिसला स्वतःहून लेखी कळवावं की मालक दाखला देत नाही. हे कळवणं भाडेकरूचं कामच आहे कायद्यानं, त्यात चुगली नाही. दोन आठवडे उलटून गेले म्हणून लपून बसायचं नाही, अपॉइंटमेंट मागितल्याचा ईमेल दाखवला तर आमच्या मुलींना तरी कधी दंड झाला नाही. हॉस्पिटलचं होस्टेल मिळत असेल तर महाग वाटलं तरी पहिले सहा महिने तिथंच राहावं, दाखला तरी त्याच दिवशी मिळते.

एक गोष्ट मात्र कोणी सुचवली तरी करू नका. पत्ता विकत देणारे लोक आहेत, दोनशे तीनशे युरो घेतात आणि आपल्या घराचा दाखला देतात, राहायचं मात्र दुसरीकडं. अशा खोट्या पत्त्याचा दंड पन्नास हजार युरोपर्यंत जाऊ शकतो, आणि सरकारी पत्र तिथंच जातात जिथं ती राहत नाही, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

आनमेल्डुंगच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. आपल्याकडच्या मुली बौद्ध असतात, हिंदू असतात, त्यांना त्यानं काही टॅक्स लागत नाही, पण ख्रिश्चन मुलीनं कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पगारातून चर्च टॅक्स कापणं सुरू होते, इन्कम टॅक्सच्या आठ किंवा नऊ टक्के. समजून लिहावं एवढंच. नोंदणीनंतर काही आठवड्यात अकरा आकडी टॅक्स नंबर पोस्टानं येते, तो हॉस्पिटलच्या ऑफिसला द्यायचा, नाही दिला तर टॅक्स जास्त कापला जाऊ शकते.

पोस्टानं म्हटलं ना, इथं थोडं थांबते, कारण यातच मी स्वतः पोळली. पहिल्या हिवाळ्यात मी एका बाईच्या फ्लॅटमधे एक खोली घेऊन राहत होती. बिल्डिंगच्या खाली सगळ्यांच्या टपालपेट्या, पेटीवर त्या बाईचं नाव. माझं नाव लावायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्या गावात पोस्टमन घराचा दरवाजा ओळखतो, नाव नसलं तरी हाक मारून कागद देतो, नाही भेटलं तर किराणा दुकानात ठेवून जातो. तिथं पेटीवर नाव नाही म्हणजे असा माणूस तिथं राहत नाही, पत्र वापस. ऑफिसनं मला दोन कागद मागितले होते, पत्र वापस गेलं, परत पाठवलं, परत वापस गेलं, आणि मी इकडं समजून राहिली की माझी फाइल चालू आहे, मोठ्या ऑफिसात वेळ लागतेच. पाच महिन्यांनी कळलं की फाइल बाजूला ठेवून दिली. पुढचा सगळा हिवाळा मी त्याच्यामागं घालवला, नर्स म्हणून मान्यतेची माझी परीक्षा पुढं गेली, आणि मदतनीसाच्या पगारावर आणखी सहा महिने काढावे लागले. माय फोनवर विचारायची काय झालं, मी सांगायची काम लय आहे. म्हणून नवीन मुलगी आली की मी आधी तिच्या हातात स्टिकर आणि पेन देते, चल पेटीवर नाव लाव. पासपोर्टवर आहे तसं, पूर्ण आडनाव, बेलवर पण. तुमच्या बहिणीला आजच फोटो काढून पाठवायला सांगजा, मला तो फोटो पाहिल्याशिवाय बरं नाही वाटणार.

आणि आलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडायचं, पाकिटासकट ठेवायचं. पिवळ्या रंगाचं पाकीट आलं तर त्यावर पोस्टमननं तारीख लिहिलेली असते, ती तारीख म्हणजे तुम्हाला पत्र मिळालं त्याचा कायदेशीर पुरावा, मग ती ड्यूटीवर असो की गावी. ते पाकीट फेकायचं नाही. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात एक परिच्छेद असतो, त्यात लिहिलेलं असते की हा निर्णय मान्य नसेल तर किती दिवसात आणि कुठं हरकत घ्यायची, बहुतेक एक महिना असते. आपल्याकडं फेरफार टाकल्यावर पंधरा दिवसाची नोटीस निघते आणि त्यात कोणी हरकत नाही घेतली तर नोंद मंजूर होऊन जाते, मग दहा वर्षं कोर्टात फिरा. हे अगदी तसंच आहे. जर्मनीच्या काही राज्यांत ऑफिसकडंच हरकत घेता येते, काही ठिकाणी बहुतेक बाबतीत सरळ कोर्टातच जावं लागते, म्हणून तो शेवटचा परिच्छेद भाषांतर करून वाचायचाच. एक महिन्याची मुदत लिहायचीच राहून गेली असेल तर कायद्यानं एक वर्ष मिळते, पण त्या भरवशावर राहू नका.

आणि ऑफिस काहीच उत्तर देत नसेल तर? आपल्याकडं २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, दाखला ठरलेल्या दिवसात नाही दिला तर अपील करता येते. तिथं साधारण तीन महिने अर्जावर काहीच हालचाल नाही झाली आणि त्याला पटण्यासारखं कारण नसलं तर प्रशासकीय कोर्टात जाता येते. मी स्वतः एकाच केसमधे वकिलाचं पत्र पाठवायला सांगितलं आहे, आणि तेव्हाही तारखेचा पुरावा होता म्हणूनच ते पत्र लिहिता आलं.

आता तुमच्या हातातलं काम, गावचं. खरं तर तिच्या अर्ध्या अडचणी तुमच्या इकडच्या, दारव्ह्याच्या किंवा यवतमाळच्या कागदात आहेत आणि त्या तिला तिथं बसून सुटणार नाहीत, तुम्हालाच फिरावं लागेल. पासपोर्टवर जे नाव आणि जे स्पेलिंग आहे तेच जर्मनी खरं मानते. म्हणून पासपोर्ट बदलायच्या भानगडीत पडू नका, बाकीचे कागद पासपोर्टसारखे करा. एजंट लोक उलट सल्ला देतात, पासपोर्ट बदला म्हणतात, मग व्हिसा जुन्या पासपोर्टवर, करार जुन्या नावावर, आणि गुंता दुप्पट.

स्पेलिंगला आपल्याकडं कोणी महत्त्व देत नाही. वानखडे आडनाव कोणी व्ही नं लिहिते, कोणी डब्ल्यू नं. वडलांच्या नावाला शाळेच्या टीसीवर राव लागलेला, आधारवर जी लागलेला, सातबाऱ्यावर नुसतं नाव. गावात सगळ्यांना माहीत आहे माणूस एकच. पण जर्मन ऑफिसात बऱ्याच ठिकाणी आडनावाच्या पहिल्या अक्षरावर टेबल ठरलेले असतात, व्ही वाली फाइल एका बाईकडं आणि डब्ल्यू वाली दुसऱ्या माणसाकडं. एका मुलीचे कागद खरंच असे दोन टेबलांवर पडून होते आणि दोघंही म्हणत होते अर्धे कागद आले नाहीत. लग्न झालेल्या मुलींचं तर आणखी अवघड, मधात वडलांचं नाव होतं तिथं नवऱ्याचं आलं, आणि जर्मन माणसाला मधलं नाव ही भानगडच समजत नाही, त्याला वाटते हे हिचं दुसरं नाव आहे मग ते बदललं कसं. तुमच्या बहिणीचं लग्न व्हायचं आहे असं लिहिलं तुम्ही, तर लग्नानंतरही कागदावर नाव आहे तसंच राहू द्या, सासरच्यांना आधीच सांगून ठेवा.

जन्माच्या दाखल्याचं असं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यात कलम १४ खाली नाव नसलेल्या नोंदीत नंतर नाव टाकता येते आणि कलम १५ खाली चूक दुरुस्त करता येते. नाव टाकायची मर्यादा साधारण पंधरा वर्षांची, पण महाराष्ट्रात ही मुदत वेळोवेळी वाढवून दिलेली आहे, म्हणून ग्रामसेवक पहिल्याच दमात आता होत नाही म्हणाला तर गप वापस येऊ नका. त्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत शाळेचा पहिला दाखला आणि पासपोर्टची झेरॉक्स जोडा, आणि तरी नाही झालं तर जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडं जा, जिल्ह्याचा जन्म-मृत्यू निबंधक तोच असते. अर्जात इंग्रजी स्पेलिंग तुम्हीच मोठ्या अक्षरात लिहून द्या, पासपोर्ट समोर ठेवून. नाही तर ऑपरेटर त्याच्या मनानं टाइप करते आणि एक चूक दुरुस्त करायला गेलं की दुसरी तयार होते. दाखला हातात घेतल्यावर वडलांचं नाव, आईचं नाव, जन्माची तारीख, गावाचं नाव, एकएक अक्षर जुळवून पाहा. तहसीलातून अफिडेव्हिट करून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं लिहून देणं आपल्याकडं चालते, तिथं त्याला फार वजन नाही, स्वतःच स्वतःबद्दल लिहून दिलेलं आहे असं ते म्हणतात. असू द्या सोबत, पण मूळ कागदच दुरुस्त व्हायला पाहिजे.

मार्कशीटचं स्पेलिंग नर्सिंग कॉलेजमार्फत बोर्डाकडून दुरुस्त करून घ्यावं लागेल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर पण तेच नाव पाहिजे. त्याला वेळ लागते, म्हणून जन्माच्या दाखल्याची वाट न पाहता दोन्ही एकाच वेळी सुरू करा. कॉलेजात जाऊन आलेच आहात तर तीन वर्षांचे विषयवार तासांचं पत्रक पण घ्या, थिअरी किती तास, वॉर्डात किती तास, कोणत्या वॉर्डात, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानं. मान्यतेच्या वेळी याच्यावरच ठरते की तिला परीक्षा द्यावी लागेल की ट्रेनिंग, आणि किती. पुष्कळ मुलींनी नुसती मार्कशीट पाठवली आणि तास कुठंच नव्हते म्हणून सगळे विषय अपुरे धरले गेले. हे पत्रक नीट असेल तर तिचे काही महिने वाचू शकतात.

अपोस्टिलच्या, म्हणजे आपला कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मारायच्या सरकारी शिक्क्याच्या नावावर लोक लय पैसे घेऊन राहिले. हा शिक्का ज्या हेग करारानं चालते त्याच्या यादीत भारत २००५ मधे गेला, पण जर्मनीनं भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवलेला आहे, म्हणून आपला अपोस्टिलचा शिक्का तिथं आपोआप मान्य होत नाही. गरज पडली तर तिथलं ऑफिस जर्मन दूतावासामार्फत कागदाची इकडं पडताळणी करून घेते. म्हणून जो कागद मागतो त्याच ऑफिसला आधी ईमेलनं विचारायचं, तुम्हाला काय पाहिजे, नुसती साक्षांकित प्रत की आणखी काही, आणि उत्तर आल्यावरच खर्च करायचा. भाषांतर मात्र शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच लागते, जर्मन कोर्टांची त्यांची यादी इंटरनेटवर आहे, आणि भाषांतर सगळ्यात शेवटी, दाखला दुरुस्त झाल्यावरच करायचं. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पण आधी काढून ठेवू नका, साधारण तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, मागितल्यावर काढा. भारतातला पासपोर्ट सेवेच्या साइटवरून निघते, आपल्याकडचं ऑफिस नागपूरला. जर्मनीतला वेगळा असते, तो तेरा युरोत मिळते.

आता ते साठ हजार. देऊ नका. अपॉइंटमेंट फुकट असते, ती कोणी विकू शकत नाही, आणि परवानगीची सरकारी फी शंभर युरोच्या आसपास आहे, ती ऑफिसात भरायची असते, एजंटकडं नाही. आपल्या देशात नोंदणी असलेल्या भरती एजंटला सर्व्हिस चार्ज तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढाच घेता येते, त्याचा नोंदणी नंबर सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर सापडला पाहिजे. त्याला नंबर विचारा आणि आतापर्यंत दिलेल्या पैशाच्या पावत्या मागा, लेखी. तिच्या करारात नोकरी मधात सोडली तर इतके पैसे परत, असं काही लिहिलं असेल तर सही केलेल्या कराराचा फोटो तिच्याकडून मागून घ्या, घाबरून काही भरू नका. तिथं कारितास, डियाकोनी, आवो, जर्मन रेडक्रॉस यांची सल्ला केंद्रं आहेत, नवीन आलेल्या परदेशी लोकांसाठी, एक पैसा घेत नाहीत, पत्र वाचून देतात, फॉर्म भरून देतात, गरज पडली तर ऑफिसला फोन पण करतात. मी आजही अडलेली केस घेऊन त्यांच्याकडंच जाते. हॉस्पिटलनं पण काही करावं, तिला नोकरीवर आणलं त्यांनी, तिनं आपल्या वॉर्डच्या प्रमुखाला स्पष्ट सांगावं की माझा व्हिसा अमुक तारखेला संपतो आणि ऑफिसला एक पत्र तुमच्याकडून पाहिजे. आपल्या मुली वरिष्ठांना सांगायला लाजतात, वाटते नोकरी जाईल. तिथं न सांगण्याचाच राग येते त्यांना.

पुढं कार्ड येईल, बर्लिनला छापून येते म्हणून काही आठवडे लागतात. कार्डासोबत एक हिरवा कागद असतो, कोणत्या कामाची परवानगी आहे आणि कोणाकडं, ते त्यावर लिहिलेलं असते, कार्डाइतकाच तो जपायचा. परीक्षा पास होऊन नर्स म्हणून मान्यता मिळाली की परवानगीचं कलम बदलून घ्यावं लागेल, तेव्हा पण हाच नियम, मुदतीच्या आधी अर्ज आणि पुरावा. ते नंतर, मी आहेच.

आज रात्री तिच्याशी बोलणं झालं की पेटीच्या नावाचा फोटो आणि व्हिसाच्या पानाचा फोटो मागा, व्हिसाच्या शेऱ्यात कोणतं कलम लिहिलं आहे ते मला कळवा, त्याच्यावरून ईमेलमधे काय टाकायचं ते मी जर्मनमधे लिहून देते. पासपोर्ट नंबर झाकून पाठवा. तुम्ही सोमवारी ग्रामपंचायतीत जा, अर्जाच्या दोन प्रती नेजा, एकीवर पोच घेजा. आणि बाबांना सांगजा, पोरगी चुकली नाही काही, तिला फक्त कोणी सांगितलं नव्हतं.